सोनोग्राफीचा प्रोब जंतुमुक्त कसा करावा, भिंग न बिघडवता

प्रोब म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा पेशंटच्या अंगावर फिरवायचा भाग. तो हातातून निसटून फरशीवर आपटला तर साऱ्या दवाखान्याला कळतं. रोज चुकीच्या द्रावणाने पुसला जात असेल तर कितीतरी महिने कुणालाच कळत नाही. मग चित्रात एक उभी काळी पट्टी येते, इंजिनिअर भिंगाची फुगलेली कड दाखवतो आणि दुरुस्तीचा आकडा सांगतो. याची दुसरी बाजूही आहे. प्रोब जपायचा म्हणून नुसत्या टिश्यूने पुसून पुढच्या बाईला लावला, तर यंत्र टिकेल, पण एकीचा संसर्ग दुसरीला जाईल. दोन्ही गोष्टी सांभाळता येतात. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. योग्य द्रावण, घड्याळ, थर्मामीटर आणि भरपूर पाणी एवढ्यावर भागतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या लहान नर्सिंग होम आणि स्कॅन सेंटरमध्ये हे काम बहुधा सिस्टर किंवा मदतनीस अक्का करते. त्यांना समोर ठेवूनच पुढचं लिहिलं आहे.

प्रोबला नेमकं काय सोसत नाही

पेशंटच्या अंगाला टेकतो तो राखाडी किंवा काळा मऊ भाग म्हणजे भिंग. ते बहुधा सिलिकॉन रबराचं असतं. त्याच्या मागे एक-दोन पातळ थर आणि त्यामागे स्फटिकांची रांग असते. हे सगळं एकमेकांना गोंदाने चिकटवलेलं असतं. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. म्हणून भिंग आणि स्फटिक यांच्यामध्ये केसाएवढी फट पडून हवा शिरली, तरी तेवढ्या जागेतून चित्र येणं बंद होतं. प्रोबचं दुखणं बहुतेक वेळा असं असतं: स्फटिक शाबूत असतात, गोंद सुटलेला असतो.

गोंद आणि रबर यांचा पहिला वैरी म्हणजे स्पिरिट. इंजेक्शनच्या ट्रेमधला स्पिरिटचा बोळा हाताशी असतो, पटकन वाळतो, स्वच्छ वाटतो, म्हणून तोच प्रोबवर फिरतो. रोज फिरला की रबर कोरडं पडून कडक होतं, कडेला बारीक भेगा जातात आणि त्या भेगांतून जेल आणि पाणी आत शिरतं. काही कंपन्या ठराविक प्रोबच्या ठराविक भागावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं असं लिहितात, काही साफ नाही म्हणतात. तुमच्या प्रोबच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर नाहीच असं धरा.

बेटाडीनसारखी आयोडीनची द्रावणं, अॅसिटोन, फिनेल, डेटॉल, ब्लीचिंग पावडरचं पाणी, खोबरेल तेल, पॅराफिन, व्हॅसलीन यांतलं काहीही भिंगाला लागू देऊ नका. दवाखान्यात फरशीसाठी आणि सांडलेल्या रक्तासाठी १ टक्का हायपोक्लोराइट तयार असतं. ते प्रोबसाठी नाही. काही प्रोबना त्याहून बरंच सौम्य हायपोक्लोराइट चालतं, पण तेही यादीत नाव असेल तरच.

यादी म्हणजे कंपनीची सुसंगत द्रावणांची यादी. प्रत्येक मोठी कंपनी ती काढते आणि तिच्यात प्रोबच्या मॉडेल क्रमांकासमोर चालणारी द्रावणं दिलेली असतात. मॉडेल क्रमांक कनेक्टरवर असतो. एकाच मशीनच्या दोन प्रोबना वेगवेगळी द्रावणं लागू शकतात, म्हणून यादी मशीनच्या नावावरून न पाहता प्रोबच्या क्रमांकावरून पाहा. यादीचं पान छापून लॅमिनेट करून सिंकच्या वर लावा. आपल्याकडे एक सिस्टर मराठी वाचते, दुसरी कन्नड. चालणाऱ्या दोन-तीन द्रावणांची नावं आणि वेळा दोन्ही लिप्यांत लिहिल्या तर रात्रपाळीला चूक होत नाही.

ऑटोक्लेव्हचं एका ओळीत: प्रोब त्यात घालायचा नाही. १२१ अंशांच्या वाफेत गोंद टिकत नाही. मोजके खास प्रोब सोडले तर हे सर्वांना लागू आहे.

कोणत्या प्रोबला किती कडक

अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी घालून दिलेली विभागणी आजही जगभर चालते. उपकरण कुठल्या ऊतीला लागतं त्यावर जंतुनाशनाची पातळी ठरते. अखंड कातडीवर फिरणाऱ्या पोटाच्या, थायरॉइडच्या किंवा हृदयाच्या प्रोबला खालची पातळी पुरते. श्लेष्मल त्वचेला, म्हणजे शरीराच्या आतल्या ओल्या अस्तराला, लागणाऱ्या योनिमार्गाच्या, गुदमार्गाच्या आणि अन्ननलिकेतून हृदय पाहणाऱ्या प्रोबला उच्च पातळी लागतेच. कव्हर घातलं होतं म्हणून पातळी खाली येत नाही. कव्हरला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना ते फाटतंही. ‘कंडोम घातला होता, पुसलं की झालं’ ही समजूत आपल्या भागात फार पसरलेली आहे आणि ती धोक्याची आहे.

पोटाचा प्रोबसुद्धा जखमेवर, टाक्यांवर, गळवावर किंवा इसबाच्या ओल्या कातडीवर फिरला की वरच्या वर्गात जातो. सुई घालताना वापरलेल्या प्रोबला रक्त लागलं तरी तेच.

पोटावरचा प्रोब, दोन पेशंटच्या मध्ये

चित्र फ्रीझ करा. मऊ टिश्यूने जेल पूर्ण निपटून घ्या. खरखरीत कागद किंवा वर्तमानपत्र नको, त्याने भिंगावर ओरखडे पडतात. भिंग आणि प्लास्टिकचा सांधा, हँडलवरची खाच, बोटं टेकतात ती जागा इथे जेल अडकून राहतं. वाळलेलं जेल ओल्या कापडाने मऊ करून काढा, नखाने खरवडू नका. त्यानंतर यादीत असलेल्या क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशकाच्या वाइपने, म्हणजे द्रावणात भिजवलेल्या पुसणीने, भिंगापासून केबलच्या दिशेने पुसा. उलट दिशेने पुसलं तर केबलची घाण भिंगावर येते.

इथे बहुतेकांकडून राहून जाणारी गोष्ट म्हणजे ओलं राहण्याचा वेळ. पाकिटावर १, २ किंवा ३ मिनिटं असं लिहिलेलं असतं. तेवढा वेळ पृष्ठभाग दिसायला ओला राहिला पाहिजे. एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात पंख्याखाली वाइप अर्ध्या मिनिटात वाळते. दुसरी वाइप घ्या, पण वेळ पुरा करा. पाकिटाचं झाकण उघडं राहिलं तर आतल्या वाइपा सुकतात. सुकलेली वाइप पाण्यात भिजवून वापरली तर ती फक्त ओला कागद असते.

केबल आणि प्रोब ठेवायचा होल्डर रोज एकदा तरी पुसा. होल्डरच्या तळाशी साचलेल्या जेलमध्ये स्वच्छ केलेला प्रोब परत ठेवणं म्हणजे सगळी मेहनत वाया.

योनिमार्गाचा प्रोब: पायरी पायरीने

हातमोजे घालूनच कव्हर काढा. कव्हर आतून बाहेर उलटवत काढलं की बाहेरची घाण प्रोबला लागत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्लास्टिक, रबराचं कव्हर आणि हातमोजे लाल पिशवीत, तर रक्त किंवा स्राव लागलेला कापूस आणि टिश्यू पिवळ्या पिशवीत जातात. त्यानंतर हातमोजे बदला. याच मोज्यांनी मशीनचे बटण दाबू नका.

प्रोब बंद करून मशीनपासून सोडवा. कनेक्टर भिजता कामा नये. त्याला टोपी असेल तर लावा, नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधून उंचावर अडकवा.

आता धुणं, म्हणजे सगळ्या कामाचा पाया. जेल, स्राव किंवा रक्त यांचा थर राहिला तर द्रावण त्याच्याखालच्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. ग्लुटाराल्डिहाइड हे बुडवायचं द्रावण तर प्रथिनाचा थर आणखी घट्ट करून बसवतं, मग तो निघता निघत नाही. वाहत्या कोमट पाण्याखाली जेल काढा. यादीत असलेला एन्झाइमचा क्लीनर पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून मऊ कापडाने किंवा स्पंजने सगळीकडे फिरवा. अंदाजाने घालू नका. एन्झाइमचं द्रावण दर वेळी नवं करा, कारण त्यात स्वतः जंतू मारण्याची ताकद नसते आणि एकदा वापरलेल्या पाण्यात जंतू वाढतात. सुईचा गाइड लावला असेल तर तो काढून त्याची नळी ब्रशने आतून घासा. स्टीलचा गाइड वेगळा ऑटोक्लेव्ह करता येतो, एकदाच वापरायचा प्लास्टिकचा गाइड फेकून द्या.

धुतल्यावर स्वच्छ पाण्याने खळबळून मऊ कापडाने कोरडा करा. ही पायरी गाळू नका. प्रोबवरून निथळणारं पाणी भांड्यात गेलं की द्रावण रोज थोडं थोडं पातळ होतं. दिवसाला १० प्रोब बुडाले तर आठवड्यात किती पाणी आत गेलं याचा अंदाज करा.

याच वेळी प्रोब उजेडात फिरवून पाहा. भिंगावर भेग, फुगवटा, कडेला फट, हँडलवर तडा यांपैकी काही दिसलं तर बुडवू नका, बाजूला ठेवा. भेग पडलेला प्रोब बुडवला की द्रावण आत जातं, आणि विजेवर चालणारी वस्तू ओल्या श्लेष्मल त्वचेला लावणं पेशंटसाठीही धोक्याचं आहे.

बुडवण्यासाठी उंच, अरुंद, झाकणाचं भांडं घ्या. पसरट ट्रे नको. त्यात प्रोब आडवा पडतो, केबल वाकते आणि द्रावणही जास्त लागतं. प्रोब वरून अडकवता आला पाहिजे. त्याचं टोक भांड्याच्या तळाला टेकता कामा नये, कारण सारखं आपटून भिंगाला टोचे पडतात. पुस्तिकेत बुडवण्याची रेषा चित्रात दिलेली असते. द्रावण त्या रेषेपर्यंत यावं, वर नाही. भांड्यावर बाहेरून त्या उंचीला पट्टी चिकटवून ठेवा.

रेषेच्या वरचं हँडल सोडून देऊ नका. तिथेही हात लागलेले असतात, जेल ओघळलेलं असतं, आणि टोक उत्तम निर्जंतुक असूनही हँडलवर जंतू सापडल्याचं अनेक तपासण्यांत दिसलं आहे. जो भाग बुडत नाही तो यादीतल्या वाइपने वेगळा करा.

टायमर लावा. ‘साधारण झालं असेल’ यात दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. लवकर काढला तर जंतू राहतात. जेवायला गेलात आणि प्रोब दोन तास आत राहिला, तर रबर फुगतं आणि गोंद सुटायला लागतो. रात्रभर बुडवून ठेवलेला प्रोब सकाळी चांगला दिसेल, पण त्याचं आयुष्य कमी झालेलं असतं.

मग खळबळणं. ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) या बुडवायच्या दुसऱ्या द्रावणाच्या लेबलवर मोठ्या प्रमाणात पाणी, साधारण ८ लिटर, तीन वेळा, दर वेळी नवं पाणी आणि किमान १ मिनिट असं सांगितलेलं असतं. म्हणजे एका प्रोबला २४ लिटर. पाण्याची ओरड असलेल्या गावात हे जड जातं, पण इथे काटकसर नको. अन्ननलिकेच्या प्रोबवर राहिलेल्या ओपीएने पेशंटच्या तोंडाला आणि अन्ननलिकेला डाग पडल्याच्या, भाजल्याच्या नोंदी आहेत. तिन्ही वेळा पाणी बदला. एकाच बादलीत तीनदा बुडवलं तर ते एकदाच खळबळल्यासारखं आहे.

शेवटी निर्जंतुक, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडा करा. हेअर ड्रायर नको. नोंदवहीत तारीख, वेळ, प्रोबचा क्रमांक, द्रावणाची मुदत, चाचणीपट्टीचा निकाल, आत घातल्याची आणि काढल्याची वेळ, सही. पेशंटचा नोंदणी क्रमांकही लिहा. उद्या काही निघालंच तर कोणत्या प्रोबने कोणाची तपासणी झाली ते सापडतं.

आता वेळेचं गणित. धुणं आणि पुसणं ४-५ मिनिटं, बुडवणं (ओपीए धरून) १२, खळबळणं ३, कोरडं करणं २. एक फेरी वीस-बावीस मिनिटांची. म्हणजे एका प्रोबवर तासाला जास्तीत जास्त २ ते ३ तपासण्या. बाजारच्या दिवशी खेड्यांवरून गर्दी एकदम येते आणि तेव्हाच १२ ची ५ मिनिटं होतात. ज्या सेंटरमध्ये अशा तपासण्या रोज डझनभर होतात तिथे दुसरा प्रोब घेणं हा आमच्या मते चैनीचा खर्च नाही. तो परवडत नसेल तर पोटाच्या आणि योनिमार्गाच्या तपासण्या आलटून पालटून लावा.

ग्लुटाराल्डिहाइड की ओपीए

दवाखान्यात दोघांनाही सरसकट ‘सायडेक्स’ म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅनवरचं नाव वाचा.

ग्लुटाराल्डिहाइड २ टक्क्यांच्या आसपास असतं आणि सोबत अॅक्टिव्हेटरची पुडी किंवा बाटली येते. ती मिसळल्याशिवाय द्रावण नीट काम करत नाही. पुडी अख्ख्या कॅनसाठी मोजलेली असते. ५ लिटरच्या कॅनमधून १ लिटर काढून त्यात अंदाजाने पुडी टाकली तर प्रमाण कुठलंच बरोबर राहत नाही. लहान सेंटरने १ लिटरचं पॅक घ्यावं. मिसळल्यापासून मुदत बहुधा १४ दिवस, काहींची २८. मुदत मिसळल्याच्या दिवसापासून धावते, वापर झाला असो वा नसो. मध्ये नवं द्रावण ओतून पातळी वाढवली तरी जुनीच तारीख चालू राहते. बुडवण्याचा वेळ कंपनीनुसार २० मिनिटांपासून ४५ किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून शेजारच्या दवाखान्याला विचारण्यापेक्षा लेबल वाचा.

ग्लुटाराल्डिहाइडचा वास डोळे आणि घसा झोंबवतो. रोज हुंगणाऱ्या सिस्टरला दमा आणि कातडीचा त्रास होऊ शकतो. साध्या सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही. बाहेर हवा फेकणारा पंखा, घट्ट झाकण आणि नायट्राइलचे हातमोजे हवेत. सोनोग्राफीची एसीची बंद खोली ही भांडं ठेवायची जागा नव्हे.

ओपीए ०.५५ टक्के असतं, त्याला अॅक्टिव्हेटर लागत नाही आणि वास कमी असतो. हाताने बुडवताना अमेरिकन लेबलवर २० अंशांना १२ मिनिटं आहेत, इतर काही देशांच्या लेबलवर ५ किंवा १०. तुमच्या कॅनवर जी असतील ती धरा. लेबल दोन दिसली तर जास्तीची धरावी असं आमचं मत. पुनर्वापराची मुदत १४ दिवस. प्रथिनाला लागलं की ते राखाडी डाग पाडतं. हातावर डाग पडला तर मोजा फाटला आहे, आणि प्रोबवर डाग दिसला तर धुणं अपुरं राहिलं आहे. त्या अर्थी हा डाग उपयोगीच.

दोन्ही द्रावणांची रोज, खरं तर प्रत्येक वापराआधी, चाचणीपट्टीने तपासणी करायची. ओपीएसाठी किमान प्रमाण ०.३ टक्के. पट्टी १ सेकंद बुडवून ९० सेकंदांनी रंग पाहायचा. लवकर किंवा उशिरा पाहिलं तर रंग फसवतो. ग्लुटाराल्डिहाइडची पट्टी वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही. पट्टी नापास झाली तर १४ दिवसांतले ६ च झाले असले तरी द्रावण टाकून द्या. उलट १४ दिवस भरले आणि पट्टी पास होते आहे, तरीही टाकून द्या.

टाकतानाही थेट गटारात नको. ओपीए निष्प्रभ करायला ग्लायसिन वापरतात: सुमारे ४ लिटरला २५ ग्रॅम, किमान एक तास. सांडपाण्याची व्यवस्था कशी आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी काय आहेत त्याप्रमाणे पुढची विल्हेवाट लावा.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या एचपीव्ही या विषाणूबद्दल एक गोष्ट माहीत असावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या कामात एचपीव्ही १६ हा विषाणू या दोन्ही द्रावणांना दाद देत नाही असं दिसलं. नंतरच्या काही प्रयोगांचे निकाल वेगळे आले. वाद मिटेपर्यंत कव्हर आणि धुणं यांत कसूर न करणं आपल्या हातात आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या धुक्याची बंद पेटी परवडत असेल तर ती चांगली. तिच्यात ३५ टक्के पेरॉक्साइड वापरून सात मिनिटांत हँडलसह सगळा प्रोब निघतो आणि खळबळावं लागत नाही. पण प्रोब पूर्ण कोरडा हवा, नाहीतर फेरी रद्द होते. हेस्कॉमची वीज मध्येच गेली तरी तेच, म्हणून पेटी यूपीएसवर घ्या. अर्धवट झालेली फेरी पुढे चालू करता येत नाही, पहिल्यापासूनच करावी लागते.

थंडी, पाऊस आणि बोअरचं पाणी

लेबलवरचे आकडे २० किंवा २५ अंशांसाठी असतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बेळगावात आणि खानापूरच्या बाजूला बंद खोलीतलं द्रावणही २० अंशांखाली जाऊ शकतं. थंड द्रावण मंद काम करतं, आणि हे चाचणीपट्टीवर दिसत नाही, कारण पट्टी फक्त प्रमाण मोजते. भांड्यात साधा थर्मामीटर ठेवा. तापमान कमी असेल तर भांडं झाकण लावून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा आणि २० अंश झाल्यावरच टायमर लावा. हीटरवर किंवा शेगडीवर ठेवू नका, वाफ उठते. वेळ अंदाजाने वाढवणं हा उपाय नाही.

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला हवेतली ओल अशी असते की बंद पेटीतल्या फोमवर बुरशी येते. प्रोब मिळतो ती पेटी प्रवासासाठी आहे, रोज ठेवण्यासाठी नाही. एकदा फोममध्ये वापरलेला प्रोब ठेवला की तो फोम पुन्हा स्वच्छ करता येत नाही. प्रोब उभा टांगा, हवा खेळेल अशा स्वच्छ, झाकलेल्या कपाटात. केबलला तीव्र वळण नको. हँडलशी केबल जिथे जोडलेली असते तिथली रबरी बाही आधी फाटते, आणि उंदीरही आधी तिथेच दात लावतात.

अथणी-रायबागच्या बाजूला बोअरचं पाणी जड असतं. वाळलं की भिंगावर पांढरी साय राहते आणि ती खरवडताना ओरखडे पडतात. शेवटच्या खळबळण्याला निर्जंतुक किंवा जंतू अडवणाऱ्या फिल्टरचं पाणी घ्या. पहिल्या दोन वेळा पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल असं लेबलवर असेल तर तसं करा.

कव्हर आणि जेल

कंडोम वापरत असाल तर वंगण नसलेला घ्या. तेलकट वंगणाने रबर विरतं. पेशंटला आधी विचारा: फुगा फुगवताना किंवा हातमोज्याने कधी खाज, सूज, धाप? हो म्हणाली तर लॅटेक्स नसलेलं कव्हर. आत थोडं जेल, हवेचा बुडबुडा राहू न देता कव्हर ओढा. बुडबुडा राहिला तर चित्रात काळी सावली येते आणि प्रोब बिघडला असा गैरसमज होतो.

जेलचा धोका कमी लेखला जातो. ते ओलं आणि जंतूंना पोषक असतं. दूषित जेलमधून बुरखोल्डेरिया सेपेशिया या जंतूच्या साथी झाल्या आहेत. ५ लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटल्या भरत राहणं, तळाला थोडं जुनं असताना वरून नवं ओतणं, बाटलीचं तोंड पेशंटच्या कातडीला टेकवणं, थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवून द्यायची सवय, ही सगळी जंतू पोसायची कामं आहेत. बाटली संपली की टाका, उघडल्याची तारीख लिहा. सुई घालताना, जखमेवर, श्लेष्मल त्वचेला आणि नवजात बाळाला निर्जंतुक जेलची एकदाच वापरायची पाकिटंच.

प्रोब बिघडतोय हे कसं ओळखायचं

आठवड्यातून एकदा, स्वच्छ कोरडा प्रोब चालू करून हवेत धरा. पडद्यावर वरच्या बाजूला समांतर पट्ट्या दिसतात. त्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या असाव्यात. कुठे उभी काळी फट असेल तर कागदाची टाचणी उलगडून तिचा गोल वाकलेला भाग (टोक नव्हे) थोडं जेल लावलेल्या भिंगावर हलकेच आडवा सरकवा. चांगल्या भागावर उजळ रेघ टाचणीबरोबर सरकते, मेलेल्या घटकावर, म्हणजे बंद पडलेल्या स्फटिकावर, ती गायब होते. चित्र साठवून ठेवा. पुढच्या महिन्यात तुलना करता येते, आणि वॉरंटीसाठीही लागतं.

अन्ननलिकेच्या प्रोबला याशिवाय गळती विद्युतप्रवाहाची चाचणी लागते. पेशंटने चावल्याची खूण, आवरणाला भोक, वाकवताना घट्टपणा यांपैकी काही असेल तर तो वापरातून काढा.

दुरुस्तीला पाठवताना

प्रोब बिघडला म्हणून सीमेपलीकडच्या कागल-गडहिंग्लजच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून चार दिवसांसाठी मागून आणायचा विचार करू नका. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी जागेची आणि यंत्रसामग्रीची असते. बदल करायचा तर जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. बेळगावच्या केंद्राची नोंदणी कर्नाटकात आणि कोल्हापूरच्या केंद्राची महाराष्ट्रात, दोन्हींच्या कचेऱ्या वेगळ्या. इंजिनिअरने तात्पुरता प्रोब दिला तरी त्याचा क्रमांक, आल्याची आणि गेल्याची तारीख आणि चलन फाइलला ठेवा.

पाठवण्याआधी प्रोब नेहमीच्या पद्धतीने स्वच्छ करून घ्या. भेग असेल तर न बुडवता यादीतल्या वाइपने, आणि तसं चिठ्ठीवर लिहा: कोणत्या द्रावणाने, कधी, कोणी. कव्हर, जेल, सुईचा गाइड काढा. केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, भिंगावर मऊ टोपी घाला आणि हवेत धरून काढलेलं खराब पट्टीचं चित्र सोबत द्या. कोणत्या घटकापासून दुखणं सुरू आहे ते इंजिनिअरला त्यावरून लगेच कळतं.